छोटं घर, जुन्या वस्तू

परदेशातल्या छोट्या घराला गावच्या वाड्याची ऊब द्यायला चार वस्तू पुरतात: पितळी समई, फिरकीचा तांब्या, सोफ्यावर नऊवारीची गोधडी आणि कोपऱ्यात छत्र्या ठेवायला तांब्याचा हंडा. भाड्याच्या घरात खिळेही ठोकावे लागत नाहीत. पितळ-तांबं चिंच-मिठाने घासून लगेच कोरडं करा.

भारतातून वस्तू आणताना मात्र सावध! १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रं, नाणी आणि ७५ वर्षांहून जुन्या मोलाच्या पोथ्या खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते. पणजीच्या देवघरातली मूर्ती बॅगेत टाकण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या.