आजारी पाळीव प्रार्थना कीटकाची देखभाल

प्रार्थना कीटक : मँटोडिया गणातील मांसाहारी कीटक. पुढचे काटेरी पाय जोडून, दबा धरून बसण्याच्या ढबीवरून हे नाव पडले. जगात त्याच्या सुमारे २,४०० जाती आहेत. यूरोप-अमेरिकेत तो हौसेने पाळला जातो, आणि आशियातील हायरोडुला प्रजातीचे मोठे हिरवे कीटक तिथल्या घरांत विशेष आढळतात. दक्षिण भारत व श्रीलंकेतला व्हायोलिन मँटिसही पाळतात; त्याला इतरांपेक्षा बरीच जास्त ऊब लागते. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर सापडलेले पिल्लू मुले बरणीत घालून घरी आणतात, आणि बहुतेक दुखणी त्या बरणीतच सुरू होतात.

या कीटकासाठी खास औषध बाजारात नाही. पाणी, ऊब, खेळती हवा आणि उलटे लटकायला जागा, एवढाच उपचार. त्यामुळे काय बिघडले हे ओळखणे अधिक मोलाचे. डोळ्यांतला काळा ठिपका आपण हलू तसा सरकत असेल, तर तो आजार नव्हे. संयुक्त डोळ्यांच्या रचनेमुळे तो तसा दिसतो. रात्री डोळे चॉकलेटी-काळे होतात तेही स्वाभाविक. एकाच जागी राहणारा डाग मात्र बहुधा काचेवर किंवा प्लॅस्टिकवर डोळा घासून पडलेला असतो. अशा वेळी आतून जाळी किंवा कापड लावावे.

सर्वांत नाजूक काळ कात टाकण्याचा. जातीनुसार पिल्लू साधारण सहा ते नऊ वेळा कात टाकते. त्याआधी काही दिवस ते खात नाही आणि छताला उलटे लटकून स्तब्ध राहते. नवशिक्या पालकाला हे दुखणे वाटते, आणि तो काळजीने त्याला हलवतो किंवा जिवंत भक्ष्य आत सोडतो. दोन्ही घातक. कात टाकताना छाती-पाठीवरची त्वचा उकलते, अंग हळूहळू खाली घसरते. मग पाय घट्ट होईपर्यंत कीटक पोटाच्या टोकाने जुन्या कातीला लोंबकळत राहतो आणि शेवटी अंग वर वळवून ती कात पायांनी पकडतो. या वेळी पडला तर मऊ अंग वाकडे होते आणि तसेच कडक होते. म्हणून पेटीची उंची कीटकाच्या लांबीच्या तिप्पट तरी हवी. हवा कोरडी असेल तर कात पायात अडकते. तेव्हा कोमट पाण्याचा बारीक फवारा मारावा, ओल्या मऊ कुंचल्याने कात भिजवावी, पण ओढू नये. नंतर दिवसभर तरी काही खायला देऊ नये.

पोट चपटे पडून सुरकुतले असेल तर आधी पाणी द्यावे. कुंचल्याच्या टोकावरचा थेंब तोंडाशी टेकवला की जबड्याजवळची छोटी स्पर्शांगे हलू लागतात आणि थेंब आटत जातो. अशक्त कीटकाला पाण्यात किंचित मध कालवून देण्याची पालकांची पद्धत आहे. तोंडातून काळपट, दुर्गंधी द्रव येत असेल तर खाणे थांबवावे, पेटी धुऊन कोरडी करावी, ऊब व पाणी चालू ठेवावे. सडका किंवा घाणीत वाढलेला किडा खाऊ घालणे हे त्याचे एक कारण मानले जाते.

पाय तुटून हिरवट द्रव ओघळत असेल तर त्यावर मक्याचे पीठ दाबून तो थांबवतात. पिल्लाचे मधले व मागचे पाय पुढच्या काही कातींत पुन्हा वाढतात; पूर्ण पंख फुटलेला कीटक कात टाकत नाही, त्यामुळे त्याचा पाय परत येत नाही. रानातून आणलेल्या कीटकाच्या पोटात कधी केसासारखा लांब कृमी वाढतो. पूर्ण वाढल्यावर तो यजमानाला पाण्याकडे खेचतो आणि बाहेर पडतो. यावर इलाज नाही.

आपल्या घरांतला मोठा धोका वेगळा आहे : डासांची कॉइल, विजेवर चालणारी द्रवाची बाटली, झुरळांचा खडू. यांत बहुधा कीटकांच्या मज्जासंस्थेवर घाव घालणारी पायरेथ्रॉइड द्रव्ये असतात. कीटक थरथरू लागला, पकड सुटली, तर त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे. ज्या खोलीत प्रार्थना कीटक आहे तिथे या वस्तू वापरूच नयेत. फवारलेल्या भाजीवरचे किडेही त्याला घालू नयेत.

म्हातारपण हा आजार नव्हे. आयुष्य जेमतेम वर्षभराचे, नराचे त्याहून कमी. शेवटच्या आठवड्यांत पावलांची टोके काळी पडून गळतात, चढता येत नाही, डोळे काळवंडतात. पेटीच्या तळाशी कापड अंथरावे, फांद्या खाली आणाव्यात, अर्धी कापलेली माशी चिमट्याने तोंडाशी धरावी. खाणे सुटले तरी पाण्याचा थेंब रोज पुढे करावा. पाणी तो बरेचदा अखेरपर्यंत घेतो.