वंगणाचा अग्रक्रम : फोर्ड ४२७ इंजिनाच्या ब्लॉकरचनेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मोटार इंजिनाचा इतिहास बहुधा अश्वशक्ती आणि शर्यतींतील विजय यांच्या आधारे लिहिला जातो. ही शक्ती ज्या वंगणामुळे टिकते, त्याची नोंद क्वचितच होते. अमेरिकेतील फोर्ड कंपनीच्या ४२७ इंजिनाच्या संदर्भात या उपेक्षित बाजूचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ब्यूचँप टॉवर यांनी बेअरिंगवर केलेल्या प्रयोगांत एक अनपेक्षित गोष्ट आढळली. बेअरिंगच्या माथ्यावरील छिद्रात ठोकलेले बूच आणि नंतरची लाकडी खुंटी, दोन्ही तेलाच्या दाबाने बाहेर ढकलली गेली. फिरता दांडा स्वतःच तेलात दाब निर्माण करतो व त्या पातळ थरावर तरंगतो, हे यातून सूचित झाले. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याची गणिती उपपत्ती मांडली. हा थर टिकण्यासाठी तेलाचा अखंड पुरवठा आवश्यक असतो. १९०८ च्या फोर्ड 'मॉडेल टी'च्या मंदगती इंजिनाचे उडणाऱ्या तेलावर भागत असे. त्यात तेलपंप नव्हता. पुढे वेग व भार वाढले, तेव्हा पंप आणि ब्लॉकमधील तेलवाहिन्या अपरिहार्य ठरल्या.

क्रमातील बदल

सुमारे ७ लिटर क्षमतेचे ४२७ इंजिन १९६३ मध्ये आले. त्याच्या सुरुवातीच्या 'टॉप ऑयलर' ब्लॉकमध्ये तेल प्रथम कॅमशाफ्ट व व्हॉल्व्हयंत्रणेकडे जाई आणि नंतर क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगांकडे. रोजच्या वापरात हा क्रम चालण्यासारखा होता. शर्यतीत मात्र इंजिन दीर्घकाळ उच्च वेगाने फिरते. तेथे सर्वाधिक भार सोसणाऱ्या भागालाच तेल शेवटी मिळणे धोक्याचे होते. १९६५ च्या 'साइड ऑयलर' ब्लॉकमध्ये बाजूने स्वतंत्र मुख्य वाहिनी काढून हा क्रम उलटविण्यात आला. तेल आधी मुख्य बेअरिंगांना, मग वरच्या यंत्रणेला मिळू लागले. १९६६ व १९६७ मध्ये ४२७ इंजिनाच्या फोर्ड गाड्यांनी फ्रान्समधील ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. या यशाचे श्रेय एकट्या वंगणास देता येणार नाही. तथापि इतका काळ टिकणाऱ्या इंजिनास सुरक्षित बेअरिंगांवाचून गत्यंतर नव्हते.

निष्कर्ष

केवळ पंप मोठा केल्याने प्रश्न सुटत नाही. त्याने इंजिनाची शक्ती अधिक खर्ची पडते व तेलही तापते. तेल किती, याइतकेच ते प्रथम कोणाला, हेही महत्त्वाचे आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासकाराने म्हणूनच विजयचषकांबरोबर ओतीव लोखंडातील अदृश्य वाहिन्यांचाही मागोवा घेणे आवश्यक आहे.