'मस्ट', 'माइट' की 'कान्ट'? इंग्रजीत अंदाज बांधताना कुठला शब्द वापरायचा?

मालवणच्या जेटीवर संध्याकाळी एखादी होडी यायला उशीर झाला की कुणीतरी म्हणतंच, "खंय तरी अडाकली आसतली." बोलणाऱ्याने होडी अडकलेली पाहिलेली नसते. नेहमीची वेळ टळून गेलीये, वाऱ्याने दिशा बदललीये, एवढ्यावरून तो हे बोलतो. ऐकणाऱ्यालाही लगेच कळतं की ही बातमी नाही, अंदाज आहे.

हेच वाक्य इंग्रजीत सांगायची वेळ आली की मात्र गाडी अडते. तारकर्लीत होमस्टे चालवणाऱ्याला ते परदेशी पाहुण्यांना सांगायचं असतं, मर्चंट नेव्हीत लागलेल्या मुलाला वरिष्ठ अधिकाऱ्याला. "द बोट इज स्टक" म्हटलं तर ती खात्रीची बातमी होते. "द बोट कॅन बी स्टक" म्हटलं तर समोरचा गोंधळतो.

इंग्रजीत अंदाज सांगायला मस्ट, कान्ट, मे, माइट, कुड, शुड, विल ही सहायक क्रियापदं वापरतात. शाळेत आपण ती 'मोडल ऑक्झिलरीज' म्हणून शिकतो. पण 'मस्ट' म्हणजे सक्ती, 'मे' म्हणजे परवानगी आणि 'कॅन' म्हणजे क्षमता, एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहतं. अंदाजाचा अर्थ मागे पडतो.

ही शिडी मराठीत आधीच आहे

समजा, देवबागला तुम्ही एका ओळखीच्या माणसाच्या घरासमोर उभे आहात. दार बंद आहे. तो घरी आहे का? तुमच्या हातात पुरावा किती, त्यावर वाक्य ठरतं.

- आत दिवा लागलाय, बाइक दारात आहे, टीव्हीचा आवाज येतोय: "तो घरी असणारच." इंग्रजीत, "ही मस्ट बी ॲट होम."
- रोज या वेळेला तो घरीच असतो: "तो घरी असेल." इंग्रजीत, "ही विल बी ॲट होम."
- त्याने सहाला पोचतो म्हणून सांगितलं होतं आणि आता सव्वासहा झालेत: "तो एव्हाना घरी असायला हवा." इंग्रजीत, "ही शुड बी ॲट होम बाय नाऊ."
- काहीच कळायला मार्ग नाही: "कदाचित घरी असेल, घरी असू शकतो." इंग्रजीत, "ही मे, माइट किंवा कुड बी ॲट होम."
- आत्ताच त्याला बाजारात पाहिलंय: "तो घरी असूच शकत नाही." इंग्रजीत, "ही कान्ट बी ॲट होम."

आपला 'असावा' या शिडीवर मधे कुठेतरी बसतो. त्याला इंग्रजीत एकच नेमका जोडीदार नाही. "ही इज प्रॉबेब्ली ॲट होम" म्हटलं की काम भागतं.

मे, माइट आणि कुड यांत फरक किती? रोजच्या बोलण्यात फारसा नाही. 'माइट' 'मे'पेक्षा थोडा कमी खात्रीचा वाटतो, इतकंच. बोलताना 'माइट' वापरलंत तर सहसा चुकणार नाही. त्याचा परवानगीशी घोळ होत नाही, हा वेगळा फायदा.

'मस्ट' म्हणजे 'पाहिजे', पण कुठलं 'पाहिजे'?

"ही मस्ट बी ॲट होम" ऐकल्यावर अनेकांच्या डोक्यात "त्याने घरी असलं पाहिजे" असं भाषांतर होतं. मग हा हुकूम आहे की अंदाज, हे कळत नाही. गंमत म्हणजे मराठीतल्या 'पाहिजे'चेही असेच दोन अर्थ आहेत.

"त्याने घरी असलं पाहिजे" ही सक्ती. "तो घरी असला पाहिजे" हा अंदाज. पहिल्या वाक्यात 'त्याने' आणि 'असलं', दुसऱ्यात 'तो' आणि 'असला'. एवढ्याशा फरकावरून आपण अर्थ ओळखतो, तेही न शिकता. इंग्रजीत असा फरक दिसत नाही, तिथे संदर्भ बघावा लागतो. 'मस्ट'नंतर 'बी' किंवा 'हॅव' आलं तर बऱ्याचदा तो अंदाज असतो. 'मस्ट'नंतर 'गो', 'पे', 'वेअर' अशी कृती आली तर बहुतेक वेळा सक्ती असते. हा पक्का नियम नाही, पण खूप ठिकाणी उपयोगी पडतो.

'मस्ट'च्या उलट 'मस्ट नॉट' नाही

तो घरी नसणारच, हे सांगायला "ही मस्ट नॉट बी ॲट होम" म्हणावंसं वाटतं. अमेरिकी बोलण्यात हे ऐकूही येतं. पण त्याचा अर्थ "त्याने घरी असता कामा नये" असाही घेतला जाऊ शकतो. 'मस्ट नॉट' ही मनाई आहे, जशी किनाऱ्यावरच्या पाटीवर असते: "यू मस्ट नॉट स्विम हिअर."

अंदाजात 'मस्ट'च्या विरुद्ध टोकाला 'कान्ट' बसतो. 'असणारच'च्या समोर 'असूच शकत नाही', हे मराठीतूनच आठवायचं.

'असू शकतो' म्हणजे 'कॅन' नव्हे

मराठी माणसाची ही सगळ्यात नेहमीची चूक. "आज पाऊस पडू शकतो" याचं आपण "इट कॅन रेन टुडे" करतो. हवं असतं "इट माइट रेन टुडे."

'कॅन' हा शब्द एखाद्या गोष्टीचा स्वभाव सांगतो. "मे महिन्यात समुद्र खवळू शकतो" हे दर वर्षीचं, सर्वसाधारण विधान आहे. तिथे "द सी कॅन बी रफ इन मे" अगदी बरोबर. पण आजच्या दिवसाबद्दल, एका ठरावीक होडीबद्दल किंवा माणसाबद्दल अंदाज सांगायचा असेल तर माइट, मे किंवा कुड.

घडून गेलेल्या गोष्टीचा अंदाज

इथे मराठीची रचना खूप मदत करते. "होडी अडकली असणार" यात मुख्य क्रिया आधीच झालेली आहे आणि अंदाजाचं 'असणार' तिला जोडलंय. इंग्रजीतही तेच करायचं: मस्ट, माइट, कुड किंवा कान्ट, मग 'हॅव', मग क्रियापदाचं तिसरं रूप. म्हणजे जेटीवरचं ते वाक्य "द बोट मस्ट हॅव गॉट स्टक समव्हेअर" असं होईल. 'मस्ट हॅड' असं काही नसतं.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर पर्यटकांना माहिती देताना हा फरक रोज लागतो. किल्ल्याचं बांधकाम १६६४ साली सुरू झालं. ही नोंद आहे, तिथे अंदाजाचं क्रियापद नको. "वर्क बिगॅन इन १६६४" पुरे. पण समुद्रातल्या कुरटे बेटावर एवढा दगड चढवताना माणसांचे किती हाल झाले असतील, हा आपला निष्कर्ष आहे: "इट मस्ट हॅव बीन व्हेरी हार्ड." महादरवाजा तटाच्या वळणाआड असा लपवलाय की जवळ जाईपर्यंत दिसत नाही. म्हणून "एनिमी शिप्स कान्ट हॅव सीन इट फ्रॉम अफार."

माहीत असलेल्या गोष्टीला 'मस्ट हॅव' लावलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, याला नक्की माहीत नाही. आणि अंदाजाला 'वॉज' लावलं तर दंतकथेचा इतिहास होतो.

एका ओळीने उडालेली झोप

काही वर्षांपूर्वी माझ्या आजीच्या छातीच्या एक्स-रेचा रिपोर्ट घरी आला. त्यात लिहिलं होतं की दिसणारा डाग 'मे रिप्रेझेंट' जुन्या संसर्गाचा व्रण. काकाने 'मे' सोडून दिला आणि "जुना व्रण आहे" असं वाचलं. आत्याने तो इतका धरून ठेवला की "म्हणजे दुसरंही काही असू शकतं" इथपर्यंत ती पोचली. त्या रात्री घरात कुणी झोपलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आजीचा जुना एक्स-रे मागवून शेजारी लावला. डाग जसाच्या तसा होता. ते म्हणाले, "देन इट मस्ट बी ॲन ओल्ड स्कार."

डाग रात्रीत बदलला नव्हता. हातातला पुरावा वाढला, म्हणून 'मे'चा 'मस्ट' झाला. ही क्रियापदं गोष्ट किती गंभीर आहे ते सांगत नाहीत, सांगणाऱ्याला किती खात्री आहे ते सांगतात. रिपोर्टमधला 'मे' म्हणजे धीर नाही आणि धोकाही नाही. "अजून एक पुरावा हवा" एवढाच त्याचा अर्थ.

यातून एक सोपी युक्ती निघते. अंदाजाच्या वाक्यापुढे 'बिकॉज' लावून बघा. ठोस कारण सुचलं तर 'मस्ट' किंवा 'कान्ट'. नाही सुचलं तर 'माइट'.

हवामानाच्या इशाऱ्यातलं 'लाइकली' म्हणजे किती?

'लाइकली' हे सहायक क्रियापद नाही, पण काम तेच करतं. रोजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'बहुतेक होईल'. भारतीय हवामान विभागाच्या इंग्रजी पत्रकांतल्या तक्त्यात मात्र 'लाइकली' म्हणजे २५ ते ५० टक्के शक्यता, 'व्हेरी लाइकली' म्हणजे ५० ते ७५ टक्के आणि 'मोस्ट लाइकली' म्हणजे ७५ टक्क्यांहून जास्त. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या आयपीसीच्या अहवालांत 'लाइकली' ६६ टक्क्यांपासून सुरू होतं.

म्हणून पत्रक वाचताना शब्दासोबत त्याचा तक्ताही बघायचा. आणि "फिशरमेन आर ॲडव्हाइज्ड नॉट टू व्हेंचर इन्टू द सी" ही ओळ अंदाज नसते, तो सल्ला असतो. शक्यता कितीही टक्के असो, ती ओळ असेल तर होडी किनाऱ्यालाच.

करून बघा

१. पाहुणे कुडाळ स्टेशनवरून निघालेत, फोन लागत नाही. कारण माहीत नाही.
२. सकाळी अंगण ओलं आहे, पागोळ्या अजून गळतायत. रात्री तुम्ही गाढ झोपला होतात.
३. कुणी म्हणतं, तुमचा भाऊ सकाळी दांडी किनाऱ्यावर दिसला. भाऊ कालपासून मुंबईत आहे आणि सकाळी तिथूनच त्याने व्हिडिओ कॉल केला होता.

उत्तरं:
१. "दे माइट बी आउट ऑफ रेंज."
२. "इट मस्ट हॅव रेन्ड लास्ट नाइट."
३. "इट कान्ट हॅव बीन हिम."