चुन्याचा चटका, बुबुळाची कड

बुलढाणा जिल्ह्यात चुना कुठे लागत नाही? घाटाखाली संग्रामपूर-जळगाव जामोदकडे संत्र्याच्या बुंध्यांना बोर्डो पेस्ट फासायची तर मोरचुदासोबत तो हवा. घाटावर चिखली-मेहकरकडे भिंतींना हवा. आणि तंबाखूला तर दोन्हीकडे हवाच. पूर्वी तो डबीत असे. मग प्लास्टिकची पुडी आली. पोराने खेळता खेळता ती दाबली की फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. दिल्लीच्या एम्समधल्या नेत्रतज्ज्ञांनी २००३ साली ‘लॅन्सेट’मधून या पुडीबद्दल इशारा दिला होता. पुडी अजूनही टपरीवर मिळते.

डोळ्याला चुना आम्लापेक्षा घातक. आम्लाने वरची प्रथिनं गोठतात आणि तोच थर पुढची वाट बऱ्याच अंशी अडवतो. चुना अल्कली, पेशींच्या आवरणातल्या स्निग्धाचा तो साबण करतो आणि आत शिरत राहतो. वरच्या पापणीखाली त्याचे कण चिकटून बसले तर धुतल्यावरही भाजणं थांबत नाही. म्हणून उपाय एकच: तूप नाही, दूध नाही, गुलाबपाणी नाही, लगेच, भरपूर, निदान अर्धा तास साधं पाणी, आणि मग पापणी उलटून बघणारा डॉक्टर.

गंमत अशी की पारपटल रोपणाचा, म्हणजे आपण ज्याला ‘डोळा बसवणं’ म्हणतो त्याचा, इतिहासही चुन्यापासूनच सुरू होतो. ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातल्या ओलोमोउत्स गावी एडुआर्ड झिर्म यांनी माणसाच्या डोळ्यावर पहिलं यशस्वी पारपटल रोपण केलं. रुग्ण होता अलोइस ग्लोगार, पंचेचाळिशीतला मजूर, चुन्याने दोन्ही डोळे गेलेला. ज्याच्या डोळ्यातून पारपटल घेतलं तो अकरा वर्षांचा मुलगा होता. लोखंडाचा तुकडा घुसल्याने त्याचा डोळा काढावाच लागला होता. ग्लोगारचा एक डोळा पुन्हा बिघडला, दुसरा स्वच्छ राहिला आणि तो माणूस कामावर परतला.

त्यानंतरची कितीतरी वर्षं डॉक्टर ग्लोगारचं यश चुन्याने भाजलेल्या इतर डोळ्यांत शोधत राहिले आणि बहुतेक वेळा फसले. नवं पारपटल काही महिने काचेसारखं दिसायचं, मग रक्तवाहिन्या चढायच्या, पांढरा पडदा यायचा आणि फूल पडायचं. दात्याच्या डोळ्यात खोट नसताना असं का व्हावं? ग्लोगारच्या त्या एका डोळ्याची कड बहुधा शाबूत राहिली असावी, हा आजचा तर्क. तेव्हा कडेकडे कोण बघत होतं!

कड म्हणजे बुबुळाचा काळा आणि डोळ्याचा पांढरा भाग जिथे भेटतात तो अरुंद पट्टा. पारपटलावरचं अस्तर सतत झिजतं. त्याची भरपाई या पट्ट्यातून होत असावी, असं डाव्हांगर आणि एव्हेनसेन या नॉर्वेच्या दोघांनी १९७१ साली ‘नेचर’मध्ये मांडलं. १९८६ साली न्यूयॉर्कमध्ये तुंग-तिएन सुन आणि सहकाऱ्यांनी सशांच्या डोळ्यांवरून दाखवलं की पक्व पेशींची खूण असलेलं प्रथिन कडेच्या तळच्या पेशींत नसतंच. त्या अजून घडायच्या होत्या, म्हणजे मूलपेशी होत्या. कोडं सुटलं. चुन्याने कड जाळली की बाजूच्या पांढऱ्या भागाची त्वचा वडसासारखी आत चाल करून येते आणि मग कितीही उत्तम पारपटल बसवा, त्याला पोसणारं कोणी उरत नाही.

मग एक डोळा भाजला असेल तर दुसऱ्या, धडधाकट डोळ्याची कड का घेऊ नये? १९८९ साली केनेथ केन्यन आणि शेफर त्सेंग यांनी तसं केलं. पण त्यात चांगल्या डोळ्यातून बरीच कड कापावी लागे, आणि एकच डोळा उरलेल्या माणसाला तो डोळा डॉक्टरपुढे करताना काय वाटत असेल! १९९७ साली इटलीत ग्राझिएल्ला पेल्लेग्रिनी आणि मिकेले दे लुका यांनी इवल्याशा तुकड्यातून प्रयोगशाळेत अस्तर वाढवून अल्कलीने भाजलेल्या दोघांच्या डोळ्यांवर ते बसवलं. त्यातून घडलेल्या ‘होलोक्लार’ला २०१५ साली युरोपात मान्यता मिळाली. उपचार अप्रतिम, पण निर्जंतुक प्रयोगशाळा, वाढीची वाट आणि खर्च बघता आपल्याकडच्या संत्रा बागेतल्या मजुराला त्याचा उपयोग काय?

खरं वळण मला इथून पुढे वाटतं, आणि ते प्रयोगशाळा वजा केल्याने आलं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत वीरेंद्र सांगवान आणि सहकारी २००१पासून पेशी वाढवून बसवत होतेच. २०१२ साली त्यांनी सोपा मार्ग मांडला. चांगल्या डोळ्याच्या कडेतून साधारण दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा कण करायचे. भाजलेल्या डोळ्यावरचा पडदा सोलून तिथे वारेचं पातळ अस्तर फायब्रिनच्या डिंकाने चिकटवायचं आणि त्यावर हे कण मधली जागा मोकळी सोडून पेरायचे. वाढ डोळ्यातच होते. पद्धतीचं नाव ‘स्लेट’. वारेच्या अस्तराची कल्पनाही जुनीच. १९४०च्या दशकात लंडनमध्ये आर्नल्ड सॉर्सबी यांनी अशाच भाजलेल्या डोळ्यांवर ते वापरून पाहिलं होतं, मग ते विस्मरणात गेलं.

इटलीच्या ११२ रुग्णांच्या अहवालात (२०१०) यश ७६.६ टक्के, हैदराबादच्या १२५ डोळ्यांच्या अहवालात (२०१६) ७६ टक्के. दोन्हीकडचे रुग्ण आणि निकष वेगळे, तेव्हा आकड्यांना आकडे भिडवणं बरोबर नाही. तरी शल्यगृहातल्या कात्रीने इतकी मजल मारावी, याचं मला अप्रूप आहे. अकोल्याहून पूर्णामार्गे हैदराबादकडे रेल्वे जाते. घाटाखालच्या माणसाला ही वाट तरी आवाक्यातली. एक मात्र लक्षात ठेवायला हवं: कड परत आली तरी पारपटल खोलवर पांढरं झालं असेल, तर नंतर दात्याचं पारपटल लागतंच. नेत्रदानाची गरज त्याने संपत नाही. फक्त दान वाया जात नाही.

दोन्ही डोळे भाजलेल्यांसाठी मात्र स्वतःची कड उरत नाही. नातेवाइकाची किंवा दात्याची घ्यायची तर शरीराने ती नाकारू नये म्हणून दीर्घकाळ औषधं. ओसाकाच्या कोहजी निशिदा यांनी २००४ साली रुग्णाच्या तोंडातल्या अस्तराच्या पेशी डोळ्यावर बसवल्या. पुढे त्यांच्याच गटाने दात्याच्या पेशींचं घड्याळ मागे फिरवून त्यांतून पारपटलाचं अस्तर घडवलं. २०२४ साली त्यांनी मांडलेल्या चार रुग्णांपैकी तिघांची सुधारलेली नजर वर्षभरानंतरही टिकून होती.