सोव्हिएत प्रणयप्रधान विनोदी चित्रपटांतील खासगी जीवन (१९५६ ते १९८०) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

चित्रपट हे इतिहासाचे साधन मानावे काय, हा प्रश्न इतिहासलेखनात वारंवार उपस्थित होतो. राजकीय इतिहासाला दप्तरे आणि ठराव पुरतात. परंतु एखाद्या समाजातील माणसे कोणत्या खोलीत राहत होती, महिनाअखेर कोणाकडे उसने मागत होती आणि प्रेम करताना कोणाला भीत होती, हे सांगण्यास ती साधने अपुरी पडतात. तेथे लोकप्रिय चित्रपट उपयोगी पडतो. सोव्हिएत चित्रपटांचा विचार आपल्याकडे बहुधा आयझेनस्टाइन आणि पुदोवकिन यांच्या मूकपटांपासून सुरू होतो आणि तार्कोव्हस्कीपाशी संपतो. सामान्य सोव्हिएत नागरिकाने पुन:पुन्हा पाहिलेले चित्रपट मात्र वेगळे होते. ते विनोदी होते, प्रेमकथा सांगणारे होते आणि त्यांची मोहिनी सोव्हिएत संघाच्या विघटनानंतरही ओसरली नाही.

या मोहिनीचे कारण कोणते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. हे चित्रपट प्रेक्षकाला वास्तवापासून दूर नेत होते म्हणून लोकप्रिय झाले, असे साधारणपणे मानले जाते. प्रस्तुत लेखकाचे मत याच्या उलट आहे. घरांची टंचाई, कचेरीतील देखरेख आणि तुटपुंजा पगार या दैनंदिन अडचणींतूनच त्यांचे कथानक घडते. या अडचणींच्या मध्यभागी खासगी सुखाला हक्काची जागा देणे, हे त्यांचे ऐतिहासिक कार्य होय. विवेचनासाठी प्रामुख्याने एल्दार रियाझानोव्ह (१९२७–२०१५) यांचे तीन चित्रपट आणि व्लादिमिर मेन्शोव्ह यांचा एक चित्रपट निवडला आहे.

पूर्वपीठिका : उत्पादनाच्या सावलीतील प्रेम

सोव्हिएत विनोदी प्रेमपटाचा प्रारंभ स्टालिनच्या काळात झाला. ग्रिगोरी अलेक्सांद्रोव्ह यांनी ल्युबोव्ह ओर्लोव्हा या अभिनेत्रीला घेऊन ‘आनंदी मंडळी’ (१९३४), ‘सर्कस’ (१९३६) आणि ‘व्होल्गा-व्होल्गा’ (१९३८) हे संगीतमय चित्रपट काढले. इव्हान पिरिएव्ह यांच्या ‘ट्रॅक्टरचालक’ (१९३९) या चित्रपटात सैन्यातून परतलेला नायक स्त्रियांच्या ट्रॅक्टर-पथकाच्या प्रमुखावर प्रेम करतो आणि आपल्या कामाच्या बळावर तिचे मन जिंकतो. या कथांत प्रेम आहे, पण ते स्वतंत्र नाही. जो उत्तम कामगार तोच उत्तम प्रियकर, असे हे सूत्र होते. या प्रेमिकांचे घर पडद्यावर क्वचितच दिसते. दिसते ते शेत, नदी आणि मिरवणूक.

स्टालिनच्या मृत्यूनंतर (१९५३) प्रेक्षकांची भूक कशाची होती, याचा एक पुरावा मुंबईत तयार झालेल्या चित्रपटाने दिला. राज कपूर यांचा ‘आवारा’ (१९५१) सोव्हिएत संघात १९५४ मध्ये प्रदर्शित झाला आणि तो कोट्यवधी लोकांनी पाहिला. व्यक्तिगत भावनेचा असा उघड उच्चार तेथील प्रेक्षकाला बराच काळ दुर्मीळ झाला होता.

१९५६ : हसण्याची परवानगी

फेब्रुवारी १९५६ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात ख्रुश्चेव्ह यांनी स्टालिनच्या व्यक्तिपूजेवर टीका केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर रियाझानोव्ह यांचा ‘कार्निव्हलची रात्र’ प्रदर्शित झाला. कथानक साधे आहे. एका सांस्कृतिक भवनात नववर्षाच्या स्वागताची तयारी चालू असते. भवनाचा नवा प्रभारी संचालक ओगुर्त्सोव्ह याला कार्यक्रम ‘गंभीर’ हवा असतो. विदूषकांनी गंमत करू नये, वादक वयस्क असावेत आणि प्रारंभी व्याख्यान व्हावे, असा त्याचा आग्रह असतो. ल्युडमिला गुरचेन्को हिने साकारलेली लेना आणि तिचे तरुण सहकारी युक्तीने त्याचे सारे बेत उधळून लावतात.

ओगुर्त्सोव्हची भूमिका इगोर इल्यिन्स्की यांनी केली. याच नटाने ‘व्होल्गा-व्होल्गा’मध्येही आत्मसंतुष्ट नोकरशहा रंगविला होता. म्हणजे नोकरशहाची थट्टा नवी नव्हती. नवी होती ती थट्टेमागील मागणी. १९३८ मध्ये जनतेच्या कलागुणांना वाव मिळावा म्हणून नोकरशहा हास्यास्पद ठरतो. १९५६ मध्ये मात्र माणसांना एक संध्याकाळ स्वत:साठी हवी असते. आनंदासाठी कोणतेही उदात्त कारण दाखविण्याची गरज नाही, हे या चित्रपटाने प्रथमच इतक्या मोकळेपणाने सांगितले.

घर : एकसारखेपणातील चमत्कार

१९५७ च्या जुलैमध्ये गृहबांधणीविषयी महत्त्वाचा निर्णय जाहीर झाला. तोपर्यंत शहरांतील असंख्य कुटुंबे सामाईक सदनिकांत राहत होती. एका कुटुंबाला एक खोली मिळे. स्वयंपाकघर व न्हाणीघर सर्वांचे असे. कारखान्यात तयार केलेल्या काँक्रीटच्या तावदानांतून झपाट्याने इमारती उभ्या राहू लागल्या आणि कोट्यवधी लोकांना स्वतंत्र दार मिळाले. त्याची किंमत म्हणजे एकसारखेपणा. सर्व शहरांत त्याच इमारती, तेच जिने आणि त्याच खोल्या दिसू लागल्या.

‘नियतीचा विनोद’ या दोन भागांच्या दूरचित्रवाणीपटाचा पाया हाच आहे. १ जानेवारी १९७६ रोजी तो प्रथम प्रक्षेपित झाला. मॉस्कोतील शल्यचिकित्सक लुकाशिन ३१ डिसेंबरला मित्रांसोबत सार्वजनिक स्नानगृहात जातो आणि मद्याच्या अमलाखाली चुकून लेनिनग्राडच्या विमानात चढवला जातो. शुद्धीवर आल्यावर तो टॅक्सीवाल्याला आपला पत्ता सांगतो : तिसरा बांधकाम-कामगार मार्ग, घर क्रमांक २५, सदनिका १२. लेनिनग्राडमध्येही त्याच नावाचा रस्ता, तशीच इमारत आणि तेच कुलूप असते. त्याच्या किल्लीने दार उघडते आणि तो नाद्या या शिक्षिकेच्या घरात झोपी जातो.

येथे विनोद केवळ गैरसमजाचा नाही. आरंभीच्या व्यंगचित्रपटात वास्तुशिल्पातील एकसुरीपणाची उघड खिल्ली आहे. पण कथा पुढे सरकते तसा या एकसुरीपणाचा अर्थ पालटतो. राज्याने दारे एकसारखी केली म्हणूनच दोन अनोळखी माणसे एकमेकांसमोर येतात. दारामागे काय घडावे, हे मात्र कोणत्याही योजनेत लिहिलेले नसते. शिवाय छत्तिशीचा लुकाशिन आईजवळ राहतो आणि नाद्याही आईसोबतच राहते, हा तपशील त्या काळच्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नव्हता.

या चित्रपटातील गीतेही लक्षणीय आहेत. मिकाएल तारिवेर्दिएव्ह यांनी त्स्वेतायेवा, पास्तरनाक, अख्मादुलिना आदींच्या कवितांना चाली दिल्या. त्स्वेतायेवा यांनी १९४१ मध्ये आत्महत्या केली होती. पास्तरनाक यांना १९५८ चे नोबेल पारितोषिक दडपणामुळे नाकारावे लागले होते. त्यांचे शब्द नववर्षाच्या मेजवानीच्या वेळी घराघरांत ऐकू आले. सभागृहातील व्याख्यानाला जे साधले नसते, ते एका विनोदी चित्रपटाने सहज केले.

कचेरी : सर्वांसमोरचे प्रेम

‘कचेरीतील प्रेमकथा’ (१९७७) एका सांख्यिकी कार्यालयात घडते. नायक नोवोसेल्त्सेव्ह दोन मुलांना एकटा वाढवतो आणि पगार होईपर्यंत सहकाऱ्यांकडून वीस रूबल उसने घेत राहतो. बढती मिळावी म्हणून तो रूक्ष संचालिका कालुगिना हिच्यावर प्रेमाचा देखावा करतो आणि पुढे खरोखरच तिच्या प्रेमात पडतो. पटकथा रियाझानोव्ह आणि एमिल ब्रागिन्स्की यांच्याच नाटकावर आधारित होती.

इतिहासाच्या अभ्यासकाने या चित्रपटातील उपकथेकडे विशेष लक्ष द्यावे. ओल्गा रिझोव्हा ही कर्मचारी आपल्या जुन्या प्रियकराला, आता वरिष्ठ अधिकारी झालेल्या सामोखवालोव्हला, पत्रे लिहिते. तो ती पत्रे कामगार संघटनेच्या स्थानिक समितीच्या कार्यकर्तीकडे सोपवतो आणि एका स्त्रीचे दु:ख सर्व कचेरीच्या चर्चेचा विषय बनते. वाढदिवस असो वा अंत्यविधी, वर्गणी गोळा करणारी ही कार्यकर्ती दुष्ट नाही; ती आपले कर्तव्य करीत असते. समूहाची आपुलकी आणि समूहाची देखरेख यांतील सीमारेषा किती पुसट होती, याचे इतके सौम्य आणि तरीही बोचरे चित्रण इतर साधनांत सहसा आढळत नाही. प्रेक्षक हसतो, पण ओल्गाला नाही.

स्त्री : समानतेचा उंबरठा

या चित्रपटांच्या मोहिनीला एक मर्यादाही आहे. मेन्शोव्ह यांचा ‘मॉस्कोचा अश्रूंवर विश्वास नाही’ १९८० मध्ये प्रदर्शित झाला, आठ कोटींहून अधिक लोकांनी तो पाहिला आणि १९८१ च्या समारंभात त्याला परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. १९५८ मध्ये कामगार वसतिगृहात राहणारी कातेरिना प्रियकराने टाकल्यावर मुलीला एकटी वाढवते. एका रात्री ती घड्याळाचा गजर लावते आणि रडत झोपते. पुढच्या दृश्यात गजर होतो तेव्हा सुमारे वीस वर्षे उलटलेली असतात. ती आता मोठ्या कारखान्याची संचालक आहे.

उपनगरी रेल्वेगाडीत भेटलेला गोशा हा कुशल कारागीर तिच्या आयुष्यात येतो. परंतु घरातले निर्णय पुरुषानेच घ्यावेत, असे त्याचे मत आहे आणि तिचे पद कळताच तो निघून जातो. शेवटी तो परततो. तडजोड मात्र मुख्यत: तिची असते. कालुगिनाच्या बाबतीतही हेच दिसते. कर्तबगार स्त्रीला सुख मिळण्यासाठी पोशाख, चाल आणि केशरचना बदलावी लागते. राज्याने स्त्रीला कारखाना दिला. घरातील श्रम आणि एकटेपण यांचा प्रश्न तसाच राहिला. चित्रपट हे मान्य करतात, यात त्यांचा प्रामाणिकपणा आहे. उत्तर म्हणून जुन्या चालीच्या पुरुषाला पुढे करतात, ही त्यांची मर्यादा आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, १९३० च्या दशकात उत्पादनाशी जखडलेले प्रेम १९५६ नंतर हळूहळू स्वतंत्र विषय झाले. दुसरी, या चित्रपटांतील विनोद टंचाई आणि एकसारखेपणा यांतून जन्मतो. म्हणून ते सामाजिक इतिहासाचे विश्वसनीय साधन ठरतात, मात्र सुखान्त शेवट वास्तवाचा पुरावा मानता येत नाही. तिसरी, खासगी सुखाचा हक्क त्यांनी सर्वांना दिला, पण स्त्री आणि पुरुष यांना तो सारख्या अटींवर दिला नाही.

१९९१ नंतर या कथा पुन्हा सांगण्याचे प्रयत्न झाले. २००७ मध्ये ‘नियतीचा विनोद’चा उत्तरार्ध आला, त्यात लुकाशिन व नाद्या यांचा संसार झालाच नाही असे दाखवून त्यांच्या मुलांची कथा सांगितली आहे. २०११ मध्ये ‘कचेरीतील प्रेमकथा’ नव्या रूपात आली. मूळ चित्रपटांचे स्थान मात्र अढळ राहिले. त्यांतील माणसांकडे स्वत:चे असे फार थोडे होते : एक किल्ली, एक खोली, उसने आणलेले वीस रूबल. एवढ्याशा जागेत माणूस किती सन्मानाने प्रेम करू शकतो, हे त्यांनी दाखविले. त्यांच्या मोहिनीचे कारण यातच शोधावे लागते.