आनुवंशिक बहिरेपणा : नात्यातील विवाहापासून जनुकापर्यंत

मामाच्या मुलीशी विवाह करण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी असून अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हाही त्यास अपवाद नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारतीय नातेव्यवस्थेच्या संदर्भात अशा विवाहांचा विचार केला. त्यांचा एक जीवशास्त्रीय परिणाम मात्र पुढे उलगडला.

१९९७ साली डेव्हिड केल्सेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कनेक्सिन २६’ या प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे जन्मजात बहिरेपणा येतो, हे दाखविले. २००३ साली बंगळूरच्या अनुरंजन आनंद यांच्या गटाने, मुंबईच्या अली यावर जंग संस्थेतील संशोधकांसह, भारतीय रुग्णांत या जनुकाचा ‘डब्ल्यू २४ एक्स’ हा दोष सर्वाधिक आढळत असून तो एका समान पूर्वजाकडून आला असावा, असे प्रतिपादन केले.

हा दोष अप्रभावी असतो. ऐकू येणारे माता व पिता दोघेही त्याचे वाहक असतील, तरच अपत्य बहिरे होण्याची शक्यता चारात एक असते. नात्यातील विवाहात असा योग अधिक संभवतो. म्हणूनच बहिऱ्या अपत्याचा ठपका एकट्या मातेवर ठेवण्याच्या रूढीस या संशोधनाने कोणताही आधार उरू दिलेला नाही.