रगडणारा हात आणि हलका हात

कोल्हापुरात मालिश म्हटलं की आधी तालीम आठवते. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, 1912 साली खासबाग मैदान उभं राहिलं. मेहनत झाली की पैलवानाचं अंग तेल लावून रगडायचं, ही तालमीची रीत. घरी बाळंतिणीलाही आपण तसंच चोळतो. जोर लावला की अंग मोकळं होतं, असं आपण आजीकडून ऐकत आलो.

पण एका दुखण्यात हा जोर उलटा पडतो. त्याचं नाव लिपेडिमा. यात दोन्ही पायांवर सारखीच चरबी साठते, पावलं मात्र बारीकच राहतात. दाबलं की दुखतं, जरा लागलं की काळंनिळं होतं. उपास केले तर वरचं अंग उतरतं, पाय फारसे उतरत नाहीत. हे बहुतेक बायकांनाच होतं. वयात येताना, गरोदरपणात किंवा पाळी जाताना सुरू होतं नाहीतर वाढतं. हत्तीरोगात बहुधा पाऊलही सुजतं, म्हणून दोन्ही एक समजू नयेत.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या ॲलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी 1940 साली याला नाव दिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगसूचीत त्याची स्वतंत्र नोंद आली. मधल्या काळात कितीतरी जणींनी 'खाणं कमी कर' एवढंच ऐकलं.

हलक्या हाताची मालिश त्याआधीची. डेन्मार्कचे एमिल व्होडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड यांनी ती फ्रान्समध्ये बसवली, 1936 साली पॅरिसला मांडली. ती काढली होती गळ्याच्या गाठी सुजलेल्यांसाठी. कातडी हलकेच ताणायची नि सोडायची, म्हणजे आत साचलेलं पाणी पुढे सरकतं. लिपेडिमात त्यानं जडपणा आणि ठणका कमी होऊ शकतो. चरबी जात नाही.

लेसरचं मूळ बुडापेस्टचं. 1967 च्या सुमारास एन्द्रे मेस्टर यांनी भादरलेल्या उंदरांवर मंद लेसर सोडला, तर केस लवकर उगवले. पुढे तो जखमांसाठी, दुखण्यासाठी वापरात आला. लिपेडिमात त्याचा पुरावा अजून तोकडा आहे. या मंद लेसरनं चरबी वितळते असं कुणी सांगितलं, तर पैसे मोजण्याआधी डॉक्टरांना विचारू या.

दाब देणारे मोजे, रंकाळ्यावर चालणं, पोहणं यांचाही आधार होतो. मात्र एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, तर मालिश नको. ताबडतोब दवाखाना गाठायचा.

आणि पाय जड असलेल्या मैत्रिणीला तिच्या ताटावरून बोलायचं नाही, एवढं आपण आजपासून ठरवू या.